कुटुंबनियोजनात पुरुषांचा वाटा : सरकीच्या तेलापासून बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत

नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, आर्णी ओलांडून उमरखेडकडे जाताना महागाव लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे तालुक्याचे ठिकाण. काळी जमीन, पऱ्हाटी आणि सोयाबीन, मधूनमधून बंजारा समाजाचे तांडे आणि दक्षिणेस पैनगंगेचे खोरे, असे या मुलखाचे रूप आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर चढतो आणि उलंगवाडी होईपर्यंत घराघरांत कापसाखेरीज दुसरा विषय नसतो. जिनिंगमध्ये या कापसाच्या दोन वाटा होतात. रुई गाठींकडे जाते आणि सरकी घाण्याकडे. सरकीचे तेल निघते, उरलेली ढेप दुभत्या जनावरांपुढे पडते. या सरकीत एक पिवळसर द्रव्य असते आणि त्याने एके काळी शास्त्रज्ञांना पुरुषांसाठी संततिनियमनाच्या गोळीची आशा दाखविली होती, ही हकीकत कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातही फारशी कोणाला ठाऊक नाही.

या द्रव्याचे नाव गॉसिपॉल. पऱ्हाटीच्या पानांवर आणि सरकीच्या दाण्यात जे बारीक काळसर ठिपके दिसतात, त्या ग्रंथींत ते साठलेले असते. किडीपासून स्वतःचा बचाव करण्याची ही त्या झाडाची नैसर्गिक तजवीज आहे. चीनमधील काही खेड्यांत पूर्वी खाण्यासाठी सोयाबीनचे तेल वापरीत. पुढे आर्थिक ओढगस्तीमुळे तेथील लोक कच्च्या सरकीच्या घाणीच्या तेलाकडे वळले आणि नंतर त्या खेड्यांत मुले जन्माला येईनाशी झाली. १९५७ मध्ये एका चिनी वैद्याने या घटनेचा संबंध तेलाशी जोडला. पुढील तपासात दोष गॉसिपॉलचा असल्याचे आढळले. तेव्हा जे विष म्हणून सापडले तेच औषध म्हणून वापरता येईल काय, असा विचार तेथील संशोधकांनी केला. १९७० नंतरच्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांना ठरावीक मात्रेत गॉसिपॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. शुक्रजंतूंची निर्मिती खुंटविण्यात या गोळ्या शंभरांपैकी नव्याण्णवांच्या बाबतीत यशस्वी ठरल्या. त्या काळी जगात दुसऱ्या कोणत्याही गोळीने पुरुषांच्या बाबतीत एवढे यश मिळविलेले नव्हते.

परंतु या यशाची दुसरी बाजूही पुढे आली. काहींच्या रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण इतके उतरले की हातापायांतील शक्ती जाऊन ते अंथरुणाला खिळले. शिवाय गोळी सोडल्यावरही अनेकांची प्रजननक्षमता परतली नाही. दहांतील एक वा त्याहून अधिक पुरुषांच्या बाबतीत असे घडले. जी गोळी थांबविल्यावर परिणाम थांबत नाही, ती तात्पुरत्या संततिनियमनाची गोळी म्हणताच येत नाही. चीनने ते काम आवरते घेतले आणि १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या दिशेने पुढे जाऊ नये असा सल्ला दिला.

वाचकांच्या मनात येथे शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून तिचे निरसन येथेच केलेले बरे. बाजारातील शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल राहत नाही. शुद्धीकरणाच्या क्षारप्रक्रियेत ते निघून जाते. गाईम्हशींच्या पोटातील रवंथाच्या पिशवीत ते बव्हंशी निष्प्रभ होते, म्हणून ढेप त्यांना मानवते. कोंबड्यांना मात्र ती बेताने द्यावी लागते.

अडचण कोठे आहे?

स्त्रियांसाठी गोळी आली, तांबी आली, इंजेक्शन आले. पुरुषांसाठी मात्र इतक्या वर्षांनंतरही निरोध आणि नसबंदी यांपलीकडे काही नाही, असे का? यात समाजाचा दोष आहे हे खरे, पण शरीररचनेचीही अडचण आहे. स्त्रीच्या बीजकोशातून साधारणतः महिन्याकाठी एक बीज बाहेर पडते. ते एक अडविले की काम भागते. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू दररोज कोट्यवधींच्या संख्येने तयार होत असतात आणि एका शुक्रजंतूची घडण पूर्ण व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. ही निर्मिती रसायनांनी बंद पाडायची, तरी पौरुषग्रंथींचे इतर कार्य, म्हणजे आवाज, स्नायू, इच्छा, यांना धक्का लावायचा नाही, हे मोठे कठीण गणित आहे.

ते सोडविण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. पुरुषाला बाहेरून संप्रेरके दिली की मेंदूतील पोषग्रंथीची समजूत होते की शरीरात त्यांची रेलचेल आहे, आणि ती शुक्रजंतू घडविण्याचा हुकूम देणे बंद करते. या तत्त्वावर दोन संप्रेरकांच्या इंजेक्शनांची एक चाचणी निरनिराळ्या देशांतील ३२० पुरुषांवर झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्यावर इंजेक्शनांचा अपेक्षित परिणाम झाला त्यांच्या पत्नींपैकी अवघ्या चौघींना गर्भ राहिला. तरीही मनःस्थिती बिघडण्याच्या तक्रारींमुळे ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. मनाची उदासी हा दुष्परिणाम स्त्रियांच्या गोळ्यांतही नोंदविलेला आहे, आणि त्या गोळ्या अनेक दशके वापरात आहेत, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

नळातून निघालेली कल्पना

शुक्रजंतूंची निर्मिती थांबविणे अवघड, तर त्यांची वाट अडवावी, हा दुसरा मार्ग. भारतीय संशोधकांचे मोठे काम या मार्गावर झाले आहे. अभियंता आणि वैद्यक या दोन्ही शास्त्रांत वावरणारे प्रा. सुजय गुहा हे मुळात पाण्याच्या नळांचा विचार करीत होते. नळाच्या आतल्या बाजूस विशिष्ट रसायनाचा लेप दिला तर वाहत्या पाण्यातील जंतू मरतील, अशी त्यांची कल्पना होती. पाणीपुरवठ्याच्या योजना हाताळणाऱ्या पंचायत सदस्यांना ती सहज उमगेल. लोकसंख्येचा प्रश्न पुढे उभा राहिला तेव्हा तीच कल्पना त्यांनी शुक्रवाहिनीला लावली. शुक्रवाहिनीत एका बहुवारिक पदार्थाचे इंजेक्शन द्यायचे. तो तेथे आतून चिकटून बसतो. शुक्रजंतू जातात, पण जाताना त्यांचे आवरण विस्कटते आणि ते गर्भधारणेला निरुपयोगी ठरतात. या विषयावरील त्यांचे पहिले लेखन १९७९ मधले आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या इंजेक्शनची तिसऱ्या टप्प्याची चाचणी दिल्ली, उधमपूर, लुधियाना, जयपूर आणि खरगपूर या पाच केंद्रांवर घेतली. ३०३ निरोगी विवाहित पुरुष तीत स्वेच्छेने सहभागी झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९७.३ टक्के पुरुषांचे वीर्य शुक्रजंतुरहित झाल्याचे आणि गर्भधारणा टाळण्यात ९९ टक्क्यांहून अधिक यश आल्याचे नमूद आहे. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत नियम बदलले, चाचण्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. एका औषधी द्रव्याने दुसरे इंजेक्शन देऊन हा अडथळा धुऊन काढता येतो, हे प्राण्यांत दिसून आले आहे. माणसांत तसे सिद्ध होईपर्यंत त्यास तात्पुरता उपाय म्हणणे धाडसाचे ठरेल. अहवाल प्रसिद्ध झाला म्हणून हे इंजेक्शन गावच्या आरोग्य केंद्रात मिळू लागले, असाही समज कोणी करून घेऊ नये.

हाताशी असलेला उपाय

तात्पर्य, महागावच्या शेतकऱ्याला आज खात्रीचा आणि कायमचा उपाय हवा असेल तर तो एकच आहे, आणि तो जुनाच आहे. पुरुष नसबंदी. वृषणाच्या पिशवीतून दोन बाजूंनी वर जाणाऱ्या शुक्रवाहिन्या बांधून त्यांचा मधला लहान तुकडा काढायचा, एवढेच या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. पूर्वी यासाठी त्वचेला छेद देऊन टाके घालावे लागत. १९७४ मध्ये चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी टोकदार चिमट्याने त्वचेला केवळ एक सूक्ष्म छिद्र पाडून हेच काम करण्याची रीत बसविली. बिनटाक्याची पुरुष शस्त्रक्रिया म्हणतात ती हीच. भारतात ती १९९० नंतरच्या दशकात रुजली. जागेवर बधिरीकरणाचे इंजेक्शन देतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होते आणि थोड्या विश्रांतीनंतर माणूस आपल्या पायांनी घरी जातो.

याउलट स्त्रीची शस्त्रक्रिया म्हणजे पोटाच्या पोकळीत शिरणे. दुर्बिणीतून केली काय किंवा छेद घेऊन केली काय, भूल आली, आतील अवयवांना इजा होण्याची शक्यता आली, जंतुसंसर्गाचे भय आले. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डझनभराहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असली शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असा आदेश दिला.

शस्त्रक्रिया सोपी कोणती आणि अवघड कोणती याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. तरी प्रत्यक्षात काय घडते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्यांच्या पतीने शस्त्रक्रिया करून घेतली अशा स्त्रिया निघाल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे, आणि पुरुषांचे अर्ध्या टक्क्याच्याही आत.

महाराष्ट्र एकेकाळी पुढे होता

हे चित्र पूर्वीपासून असेच होते असे मात्र नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून, लोकांचा रोष पत्करून, हा विषय मराठीत मांडला. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीला मुकावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारताने शासकीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा तो पहिला देश होता. १९६७ च्या सुमारास मुंबई महानगरपालिकेचे डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रे थाटली. कामावर जाता-येता लोक तेथे येत. केरळमधील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मध्ये महिनाभराच्या एका मेळाव्यात ६३ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. जवळजवळ सर्व पुरुषांच्या! त्या काळापर्यंत देशात पुरुषांच्या शस्त्रक्रिया स्त्रियांच्या शस्त्रक्रियांहून कितीतरी अधिक होत असत. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते.

मग आली आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. उद्दिष्टे ठरवून दिली गेली, शिक्षक आणि तलाठ्यांवर माणसे आणण्याची सक्ती झाली, अनेक ठिकाणी बळजबरी झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन हयात अपत्ये असलेल्यांना सक्तीची शस्त्रक्रिया लागू करणारे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पुढच्याच वर्षी पुरुषांच्या शस्त्रक्रिया दोन लाखांच्याही खाली घसरल्या. कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' करण्यात आले आणि त्याचा सगळा भार स्त्रियांकडे सरकला. त्या काळी ज्यांना जुलमाने नेले त्यांची भीती निराधार नव्हती. ती त्यांच्या मुलांपर्यंत, नातवांपर्यंत पोहोचली. आजचा आरोग्य सेवक 'नसबंदी' हा शब्द उच्चारतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात ही सारी आठवण जागी होते, याचे भान अधिकाऱ्यांनी ठेवावे. ज्या शिक्षकांनी त्या वर्षी माणसे गोळा केली त्याच पेशातील मंडळींकडून आज समजावणीची अपेक्षा केली जाते, ही गोष्टही अवघडच आहे.

भीती कशाची?

महागावकडच्या गावांत या विषयावर बोलणे निघाले की बहुधा पहिला प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडूनच येतो : "त्याले काही झालं तर घर कोन चालवीन?" पुरुषाला विचारले तर डवरणी, वखरणी, ओझी उचलणे या कामांची काळजी पुढे येते. नसबंदीने अंगातली ताकद जाते, हा समज सर्वत्र आहे. त्याचे उत्तर शरीररचनेतच आहे. शुक्रवाहिनीतून केवळ शुक्रजंतू जातात. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते, त्याचा या नळीशी संबंध नाही. त्यामुळे आवाज, दाढी, स्नायू, कामेच्छा यांत फरक पडत नाही. वीर्यस्खलन पूर्ववत होते, कारण वीर्याचा बहुतेक भाग अन्य ग्रंथींतून येतो आणि त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी अल्प असतो. बैल खच्ची करण्याशी काही जण याची तुलना करतात. ती सर्वस्वी चुकीची आहे. खच्चीकरणात वृषणच निकामी केला जातो, येथे त्याला हात लागत नाही.

तथापि शस्त्रक्रियेत त्रास अजिबात नाही असे सांगणेही खोटे होईल. काहींना सूज येते, रक्त साकळते, क्वचित जंतुसंसर्ग होतो. थोड्यांना वेदना दीर्घकाळ जाणवतात. शिवाय ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी. नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, पण तिच्या यशाची हमी नाही. हे आधी सांगितले तर माणूस पुढे तक्रार करीत नाही. लपविले तर एका गावातली एक तक्रार दहा गावे फिरते.

दुसरी एक बाब सांगायची राहून जाते आणि तिच्यापायीच संसारात संशयाचे वादळ उठते. शस्त्रक्रिया झाली त्याच दिवशी माणूस सुरक्षित होत नाही. वरच्या नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते निघून जाण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरावा लागतो आणि तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून शुक्रजंतू नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. ही तपासणी बहुतेक जण करीत नाहीत. मधल्या काळात पत्नीला दिवस गेले तर दोष शस्त्रक्रियेला न देता तिच्या चारित्र्याला दिला जातो. आरोग्य सेविकेने शस्त्रक्रियेच्या दिवशीच तपासणीची तारीख लिहून दिली, आणि पतीबरोबर पत्नीलाही ती सांगितली, तर अनेक घरांतले अनर्थ टळतील. तपासणीनंतरही हजारांत एखादे अपयश येऊ शकते, हेही दोघांच्या कानावर असावे.

नियमांविषयी थोडेसे

शासकीय निकषांनुसार पुरुष विवाहित असावा, त्याचे वय साठ वर्षांच्या आत असावे आणि त्याला एक वर्षाहून मोठे किमान एक अपत्य असावे. संमती त्याची स्वतःची, लेखी आणि समजून दिलेली लागते. पत्नीची सही कायद्याने आवश्यक नसली तरी दोघांनी मिळून निर्णय घेणेच योग्य. शस्त्रक्रियेनंतर मिळणारी भरपाई पुरुषांसाठी स्त्रियांहून अधिक ठेवलेली आहे. ती बुडालेल्या मजुरीची भरपाई होय. पैशाच्या आमिषाने वळविलेला माणूस पुढे पस्तावतो, हा १९७६ चा अनुभव विसरता येणार नाही.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना दोन अपत्यांचा नियम स्वतःच्या पदामुळेच परिचित आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनांहून अधिक अपत्ये झाल्यास सदस्यत्वास अपात्रता येते. तो नियम पाळताना आपल्या घरात शस्त्रक्रिया कोणाची झाली, हा प्रश्न प्रत्येक सदस्याने स्वतःला विचारून पाहण्याजोगा आहे. ज्या सदस्याने ती स्वतः करून घेतली असेल, त्याने चावडीवर चार शब्द सांगितले तर त्यांचे वजन कोणत्याही भित्तिपत्रकाहून अधिक पडेल. डवऱ्यामागे पूर्वीसारखाच चालणारा माणूस समोर दिसला की ताकद जाण्याच्या गोष्टीला वेगळ्या खुलाशाची गरज उरत नाही.

केंद्र शासनातर्फे दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. महागाव तालुक्यात हे दिवस भर वेचणीचे असतात. स्त्रियांच्या शस्त्रक्रियाही बहुधा हिवाळ्यातच होतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला काही आठवडे ओझे उचलू नये असे सांगितले जाते, आणि वेचणीचा कापूस ओटीत व डोक्यावर वाहून आणण्याचे काम तर तिचेच असते. पुरुषाला दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर सायकल व जड काम वर्ज्य, एवढेच पथ्य सांगतात. त्या आठवड्यात वेचणीचा एकही दिवस खाडा पडत नाही, कारण या भागात कापूस वेचतात त्या मुख्यतः बायाच.